हळदीकुंकवाला लावलेलं पिक्चर

आठवी निम्मी झाली तेव्हा माझी शाळा सुटली. पुढची काही वर्षं शेळ्या आणि धाकटी भावंडं यांच्यामागे धावण्यात गेली, मग लग्न झालं आणि विट्याकडच्या आमच्या गावातून मी एकदम बंगळूरला येऊन पडले. आमचे हे नगरथपेठेत गलाईच्या दुकानात होते, म्हणजे भट्टीवर सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. राहायला खोली मात्र मिळाली लांब मल्लेश्वरमला, एका मराठी घराच्या मागच्या अंगाला. हे घराणं बंगळूरला कधी आलं हे त्यांच्या आजोबांनाही माहीत नव्हतं म्हणे. मालकांना सगळी गल्ली अण्णा म्हणायची, मालकीणबाईंना अक्का. बोलायचे मराठीच. पण पहिल्याच दिवशी अक्का म्हणाल्या, "स्वल्प थांब, पाणी येईल," आणि मी घागर धरून दुपारपर्यंत उभी राहिले. स्वल्प म्हणजे थोडं. बंगळूरचं थोडं केवढं असतं, ते त्या दिवशी कळलं.

घराच्या पुढच्या खोलीत अण्णांची व्हिडिओ कॅसेटची लायब्ररी होती. नव्वद साल उलटून दोन-तीन वर्षं झाली होती, केबल अजून आमच्या गल्लीत शिरायची होती, त्यामुळे लोक कॅसेट भाड्यानं नेऊन घरी पिक्चर बघायचे. अण्णा दिवसभर चिकपेठेत कापडाच्या दुकानात असत आणि संध्याकाळी लायब्ररीत बसत. दुपारी अक्का बसायच्या. पावसाळ्यात अक्कांचे गुडघे धरले, तेव्हा त्यांनी मागच्या दारातून हाक मारली, "पोरी, स्वल्प बस गं जरा काउंटरवर."

मी बसले. असं स्टूल, असा पंखा आणि वर कुणीतरी येऊन "अमुक आहे का हो?" असं अहो-जाहो करून विचारणार! माझ्या आयुष्यात तोवर मला कुणी हो लावला नव्हता. अक्कांचे उपकार मी तेव्हा रोज मोजायचे, अजूनही मोजते. आणि त्या स्टुलाचा दुसराही एक उपयोग होता. गावाहून सासूबाईंचं पत्र यायचं. सांगायच्या त्या, लिहायचे मामंजी. "तिथं नुसती बसून काय करती? हितं माणूस कमी पडतंय, तिला लावून द्या." आमचे हे उलट लिहायचे, "तिला काम लागलंय." सासूबाई काही वाईट नव्हत्या. फक्त त्या गावाला होत्या आणि आमचे हे बंगळूरला. म्हणजे स्टूल आहे तोवर मी आहे, स्टूल गेलं की मी विट्याच्या गाडीत. त्यामुळे कुणी जोरात शिंकलं तरी मला वाटायचं, झालं, आता काढतात.

अडचण अशी की कॅसेटवरची नावं अण्णांनी इंग्रजीत लिहिलेली. मला मराठी छापील सगळं वाचता यायचं, इंग्रजी नाही. पहिल्या आठवड्यात एका बाईंनी घरी म्हाताऱ्यांना दाखवायला देवाचं पिक्चर मागितलं आणि मी भुताचं दिलं. त्यांच्या सासूबाई दोन दिवस दिवा लावून झोपल्या. मला तीन दिवस जेवण गेलं नाही.

मग मी ठरवलं, एकेक पिक्चर स्वतः बघायचं आणि खूण करायची. दुपारी आवाज बारीक करून बघायचे. खुणेला जवळ होतं काय, तर टिकल्यांचं पाकीट. लाल टिकली मारामारी, हिरवी हसायचं, काळी भूत. आणि बायकांसाठी चमकीची.

कारण दुपारची गिऱ्हाइकं सगळी बायकाच. मुलं शाळेत, नवरे कचेरीत, स्वयंपाक आवरलेला. आधी विचारायच्या, "चांगलं काय आहे?" मी दोन-चार पुढं करायचे. मग इकडं-तिकडं बघून, आवाज खाली आणून, जसं काही औषधाच्या दुकानात उभ्या आहेत, "यात हीरोइनला काही काम आहे का हो?"

काम म्हणजे काय, ते मी हळूहळू शिकले. पावसात भिजणं हे काम नाही. किडनॅप होणं हे काम नाही. हीरोची आई असणं आणि शिवणयंत्रावर खोकणं, हेही नाही. म्हणून मी एक परीक्षा काढली. ही बाई पिक्चरमधून उचलून बाजूला ठेवली तर पिक्चर उभं राहतं का? राहत असेल तर एक टिकली. जरा कलत असेल तर दोन. धाडकन पडत असेल तर तीन.

तीन टिकल्यांच्या कॅसेट सगळ्या मिळून अकरा होत्या. त्यातही वाद व्हायचे. समोरच्या घरात एक रिटायर झालेल्या कानडी बाई राहायच्या, शाळेत गणित शिकवलेल्या. सगळे त्यांना टीचर म्हणायचे. आमचं बोलणं त्यांचं मोडकं हिंदी आणि माझं त्याहून मोडकं हिंदी यांतून चालायचं. नागिणीचं पिक्चर परत आणून त्या म्हणाल्या, "याला तीन टिकल्या कशा?"

"सगळं तीच करते की टीचर."

"पण ती बाई नाही. साप आहे."

"अर्धा वेळ बाई असते."

"मग अर्धे मार्क," टीचर म्हणाल्या. शेवटी कात्रीनं एक टिकली कापून दीड केली तेव्हा त्या घरी गेल्या.

पौष लागला तसे अण्णा नव्या कॅसेट आणायच्या तयारीला लागले. युगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या आधी ते एकदाच भरपूर माल आणायचे. एका संध्याकाळी यादी करत होते आणि मी कॅसेट पुसत होते. सगळी नावं हीरोंची. माझ्या तोंडून निघून गेलं, "अण्णा, बायका बाईचं पिक्चर मागतात. अकरा पुरत नाहीत."

अण्णांनी चष्मा कपाळावर घेतला. "कोण मागतात?"

"दुपारच्या सगळ्या."

"अय्यो तंगी, त्यांना काय, देशील ते नेतात. बायका हीरोला बघायला बघतात. बाईचं पिक्चर लावलं तर अर्ध्यात उठून कुकर लावायला जातात." तंगी म्हणजे धाकटी बहीण, अण्णा मला तेच म्हणायचे.

"नाही जात," मी म्हणाले, आणि पुसलेलीच कॅसेट पुन्हा पुसायला लागले.

अक्का आतून म्हणाल्या, "ती सांगते ते सरीच आहे, बरोबरच आहे. तुम्हाला दुपारचं काय माहीत?"

नवराबायकोत हे पेटलं आणि विझवायला म्हणून अण्णांनीच तोड काढली. "सरी, परीक्षा घेऊ. संक्रांतीला तुझं हळदीकुंकू असतं ना? गल्लीतल्या सगळ्या बायका येतात. टीव्ही बाहेर ठेवू, हिच्या पसंतीचं एक पिक्चर लावू. एक, फक्त एक बाई जरी शेवटपर्यंत बसली, तर नव्या सगळ्या कॅसेट ही सांगेल त्या. नाही बसली, तर मी मारामारीच्या आणतो आणि दुकान संध्याकाळीच उघडतो. मारामारी समजावून सांगायला दुपारी माणूस लागत नाही."

म्हणजे स्टूल. मला सरळ ऐकू आलं, स्टूल.

अक्का "सरी" म्हणाल्या. मीही "सरी" म्हणाले. तिघंही जन्मापासून हळदीकुंकू बघत आलेलो, त्या गल्लीत तर ते कानडी-मराठी मिळून चालायचं, आणि तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. ते माझ्या डोक्यात आलं थेट संक्रांतीच्या दिवशी, दुपारी सव्वाचार वाजता.

पिक्चर मी विचार करून निवडलं होतं. मोठ्या घरातली नवी सून. सासूच्या कमरेला कोठीची किल्ली. सासू सुनेवर ती किल्ली चोरल्याचा आळ घेऊन तिला घराबाहेर काढते. सून मिरची कांडपाची गिरणी काढते, लॉरी चालवायला शिकते, गुंडांच्या डोळ्यांत तिखट फेकते, कोर्टात जाते आणि शेवटी किल्लीचा निकाल लागतो. उचलून बाजूला ठेवली तर पिक्चर धाडकन पडावं अशी बाई.

चार वाजता लावलं. भजनी मंडळातल्या नऊ बायका पहिल्या आल्या, सतरंजीवर बसल्या. एळ्ळु-बेल्ल म्हणून तीळ-गूळ-खोबऱ्याचं मिश्रण तिकडं वाटतात, ते तोंडात टाकत डोळे पडद्यावर. सुनेचं लग्न, वरात, गाणं. मी मनात म्हटलं, जिंकले.

आणि गाणं संपल्याबरोबर भजनी मंडळाच्या म्होरक्या बाई उठल्या, पदर सावरला. "येतो हं अक्का. अजून सात घरं आहेत."

त्यांच्यामागे नऊच्या नऊ उठल्या.

हळदीकुंकवाला कोण बसतं? कुंकू, तिळगूळ, वाण, ओटीत दोन ऊस-बोरं, की पुढचं घर! एकीकडं जास्त वेळ बसलं तर दुसरीकडचे लोक नावं ठेवतात. पाळण्यातल्या पोरीला कळतं हे. मी अक्कांकडं बघितलं, अक्कांनी माझ्याकडं बघितलं, आणि अण्णा आतल्या खोलीच्या दारात उभे राहून मिशीतल्या मिशीत हसले.

दुसरा घोळका आला तेव्हा सून घराबाहेर काढली जात होती. मला एक युक्ती सुचली. कुंकू लावून घेतल्याशिवाय कुणी सवाशीण उठत नाही. मग कुंकवाचा करंडाच नसेल तर? मी तबकातून करंडा उचलला आणि "आणते हं भरून" म्हणून स्वयंपाकघरात गेले. पिंपामागं बसून राहिले. बाहेर सासू ओरडतेय, सून रडतेय, बायका चुकचुकतायत. पाच मिनिटं. दहा मिनिटं. पिक्चर पुढं सरकतंय, एकही उठत नाही. मला वाटलं, तीन तास काय, मी रात्रभर बसेन.

तेवढ्यात गल्लीतल्या डॉक्टरांच्या बायको, डॉक्टरीण बाई, आत आल्या. पिंपामागं वाकून म्हणाल्या, "बरं नाही का गं?"

"नाही, म्हणजे, कुंकू सापडत नाही."

त्यांनी माझ्या हातातल्या करंड्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, झाकण काढलं, स्वतःच्या हातानं कुंकू लावलं आणि मलाही लावलं. बाहेर जाऊन बाकीच्यांनाही त्यांनीच लावलं. सगळ्या एकदम उठल्या.

तिसऱ्या घोळक्यात टीचर होत्या. त्यांना लॉरी आणि तिखट मिळालं. त्या टाळी वाजवून "शाबाश" म्हणाल्या, चहाच्या गाळणीचं वाण घेतलं आणि चालत्या झाल्या. मी त्यांच्या मागं फाटकापर्यंत गेले. "टीचर, तुम्ही तरी बसा ना."

"कशाला?"

काय सांगणार? माझं स्टूल जातंय, असं सणाच्या दिवशी दारात उभं राहून सांगतात का! "असंच," म्हणाले.

"सहा घरं आहेत," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

चौथ्या घोळक्यात बाजारातली फूलवाली आणि तिच्या बहिणी. त्यांना कोर्ट मिळालं. हीरोइन पांढऱ्या साडीत, बोट उगारून. साक्ष रंगात आली आणि त्याही उठल्या, माळा विकायच्या राहिल्या होत्या. मग कुणीच आलं नाही. निकालाला दहा मिनिटं उरली होती, तर अण्णा बाहेर आले, म्हणाले, "बातम्यांची वेळ झाली," आणि पिक्चर बंद केलं.

"बेचाळीस बायका," ते म्हणाले. मोजल्या होत्या त्यांनी. "शेवटपर्यंत शून्य. तंगी, रागावू नकोस. उद्या दुपारी एकदा बस, मग चावी दे."

अक्कांनी माझ्या हातात तिळाची वडी दिली. ती खाताना मला इतकं रडू आलं की आमचे हे घरी आल्यावर विचारायला लागले, वडी कडक होती का?

दुसऱ्या दिवशी मी अडीच वाजता शेवटचं दुकान उघडलं. चावी घ्यायला अण्णा कामावरून मुद्दाम लवकर आले होते. कॅसेट नीट लावून दाखवाव्यात म्हणून मी फडकं घेतलं, तोवर फाटक वाजलं. डॉक्टरीण बाई.

"कालचं ते द्या. ती घराबाहेर पडते ते."

त्यांच्यामागून टीचर. "लॉरीवालं द्या."

मी म्हटलं, "ते एकच आहे."

"एकच कसं?" डॉक्टरीण बाई म्हणाल्या. "मी बघितलं त्यात लॉरी नव्हती. त्यात बिचारी रडत होती."

"रडणारी वेगळी," टीचर म्हणाल्या. "माझी लॉरी चालवते."

तेवढ्यात टोपली घेऊन फूलवाली आली. तिनं दोघींचंही ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोघी चूक. ती विधवा आहे. पांढरी साडी मी डोळ्यांनी बघितली. नवरा कशानं मेला ते बघायला आले मी."

"मेला?" दारातून भजनी मंडळाच्या म्होरक्या किंचाळल्या. "परवा लग्न लावलं मी त्याचं!"

"काल," अक्का आतून म्हणाल्या.

"काल! चांगला घोड्यावर बसला होता. केव्हा मेला?"

"मेला नाही हो," मी म्हटलं. "कोर्टात पांढरी साडी नेसलीय, इतकंच."

"नवरा जिवंत असताना?" म्होरक्या बाईंनी छातीला हात लावला. "मग बरोबर आहे, काढलं घराबाहेर."

"घराबाहेर आधी काढलं," डॉक्टरीण बाई तावातावानं म्हणाल्या. "सासूनं. किल्लीवरून. साडीचा काही संबंध नाही."

"कुठली किल्ली?" टीचरनी विचारलं.

मग किल्ली सांगावी लागली. ती डॉक्टरीण बाईंनी सांगितली. घोडा म्होरक्यांनी सांगितला. तिखट टीचरनी सांगितलं, आणि नुसतं सांगितलं नाही, फूलवालीच्या टोपलीतल्या शेवंतीच्या पाकळ्या उचलून कपाटावर फेकून दाखवलं. तोवर आणखी बारा-पंधरा बायका येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि प्रत्येकीला मागून सगळं पहिल्यापासून हवं होतं. कानडीत, मराठीत, हिंदीत पिक्चर पुढं चाललं होतं. माझं लक्ष अण्णांकडं. ते कॉफीचा पेला घेऊन दारात उभे राहिले होते आणि पेला कलला होता, कॉफी पायावर सांडत होती.

"मग?" अण्णा म्हणाले.

"मग कोर्ट," फूलवाली म्हणाली. "जज्ज म्हणतो, किल्ली आणा. सासू कमरेला हात घालते. आणि आम्ही उठलो."

"किल्ली असते का कमरेला?" अण्णांनी विचारलं.

"ते नाही माहीत."

सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. शेवट कुणीच बघितला नव्हता. मग पंधरा-वीस डोकी माझ्याकडं वळली. टीचर म्हणाल्या, "हिला माहीत आहे. हिनं टिकल्या लावल्यात. सांग."

इतक्या बायका माझ्या तोंडाकडं बघतायत म्हटल्यावर मी फुगून गेले. श्वास घेतला आणि म्हणाले, "सासू कमरेला हात घालते, तर..."

"गप्प!" अण्णा ओरडले.

कॉफी सगळी खाली. मला वाटलं, संपलं.

अण्णा काउंटरच्या आत आले. "येड्यासारखी शेवट सांगतेस? शेवट सांगितल्यावर कॅसेट कोण नेणार? वही काढ. नंबर लाव. एकेकीला एक दिवस." मग बायकांकडं वळून, "शेवट कुणी सांगायचा नाही. ज्या बघतील त्यांनीही नाही."

तेवीस नावं लागली. पहिला नंबर अक्कांच्या नावानं खुद्द अण्णांनी लावला आणि कॅसेट काखोटीला मारून आत गेले. चावीचं कुणी नाव काढलं नाही. मीही काढलं नाही, ती परकराच्या नाडीला बांधून दोन दिवस त्याच परकरात राहिले.

त्याच आठवड्यात सासूबाईंचं पत्र आलं, पूर्वीसारखंच, लावून द्या. आमच्या यांनी उत्तरात सगळं लिहिलं. तेवीस बायकांचे नंबर लागलेत, ते होईपर्यंत तिला हलता येणार नाही. आणि हे काय प्रकरण आहे ते आईला कळावं म्हणून पिक्चरची गोष्टही लिहिली, मी सांगत गेले तशी, सून, किल्ली, गिरणी, लॉरी, कोर्टापर्यंत. तिथं कागद संपला.

पंधरा दिवसांनी मामंजींचं कार्ड. त्यात लावून द्या नव्हतं. एकच ओळ होती, "ही विचारतेय, किल्ली सापडली का."

मी अण्णांना विचारलं, नातेवाइकांना चालेल का? अण्णा म्हणाले, "नियम म्हणजे नियम." ते असं म्हणाल्यावर माझी काय टाप! आमच्या यांनी लिहिलं, "शेवट पत्रात सांगता येत नाही."

आणि सासूबाई आल्या. ज्वारीच्या पिठाचं गाठोडं, लसणाच्या माळा आणि मामंजी घेऊन. मला घ्यायला नाही, बघायला. मी दोन दिवस झोपले नाही, कारण कधी नव्हे ती मला आठवण झाली होती की या पिक्चरमधली सगळ्यांत वाईट बाई सासू आहे.

अक्कांच्या सतरंजीवर त्या मांडी घालून बसल्या. हलल्या नाहीत, बोलल्या नाहीत, पाणी प्यायल्या नाहीत. लग्न, किल्ली, आळ, लॉरी, तिखट, कोर्ट. शेवटी पिक्चरमधली सासू कमरेला हात घालते, किल्ली काढते, सुनेच्या पायाशी ठेवते आणि रडते. पडदा निळा झाला. अण्णा, अक्का, मी, आमचे हे, सगळे सासूबाईंकडं बघत होतो. त्या सतरंजीवर शेवटपर्यंत बसलेली बाई अण्णांना शेवटी मिळाली होती, पण ते त्या घडीला त्यांच्याही लक्षात नव्हतं.

सासूबाईंनी नाक शिंकरलं. "चाळीस वर्सं एकटीनं घर राखलं त्या बाईनं," त्या म्हणाल्या, "आन् शेवटाला तिलाच रडीवलं. ही कसली तऱ्हा?"

"आत्याबाई, ती वाईट दाखवलीय," मी म्हणाले.

"वाईट न्हाई, तिला वंगाळ लिवलीय. तिची बाजू कुणी इचारली का? कोर्टात समदी सूनच बोलतीया." मग अण्णांकडं वळून, "तुमी बाईची पिक्चरं आणताय म्हनं लय?"

"आणतो," अण्णा म्हणाले.

"मंग सासूचं एखादं काढा की. का सासू गडीमाणूस असती?"

अण्णांनी माझ्याकडं बघितलं. मी उठून कपाटापाशी गेले आणि पहिल्या फळीपासून शोधायला लागले. सासूबाई म्हणाल्या, "शोध निवांत. मी काय लगेच जात न्हाई."